धुऊन पुसून जीवशास्त्र

शेवटी मला नोकरीत कायम केलं.

वाचलंत? आता विसरा. असं काही घडलेलंच नाही. मी अजून तात्पुरता आहे, तुम्ही अजून काही वाचलेलं नाही, आणि आपण दोघंही जरा काळजीत आहोत. गोष्ट ऐकताना माणसाने थोडं काळजीत असावं, तब्येतीला बरं असतं.

तर मी एका शाळेत विज्ञान शिकवतो. तात्पुरता. तीन वर्षांपासून तात्पुरता. शिक्षकांच्या खोलीतला पंखा माझ्यानंतर आला आणि कायम झाला. तात्पुरत्या माणसाला शाळेत खुर्ची मिळते, पण कुणी आलं की ती त्याची होते. कपाट मिळतं, पण त्यात आधीपासून भूगोलवाल्यांची पृथ्वी असते. तीन वर्षं मी माझा डबा दक्षिण ध्रुवाखाली ठेवतोय.

यंदा मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते.

"या सत्रानंतर तात्पुरती पदं बंद," त्या म्हणाल्या. "एक तर कायम, नाहीतर घरी."

"कायम व्हायला काय करावं लागेल, बाई?"

"काहीतरी करून दाखवावं लागेल."

"म्हणजे काय करून?"

"ते मी सांगितलं तर मी केल्यासारखं होईल. मी कायमच आहे."

आता विज्ञानात काही करून दाखवायचं तर प्रयोगशाळा हवी. आमच्या शाळेत ती आहे. तिच्यात एक सूक्ष्मदर्शक आहे, तो काचेच्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्लीही त्याच कपाटात आहे. कुणी कसं लावलं हे कपाट, यावर शाळेत दोन गट आहेत. मी मुलांना काचेतून किल्ली दाखवतो. वस्तू अगदी जवळ असून हाती लागत नाही, हा विज्ञानाचा पहिला धडा त्यांना तिथेच मिळतो.

मग मला कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक वाईट आठवड्यांची सुरुवात याच वाक्याने होते.) घर हीच प्रयोगशाळा! जीवशास्त्राची दहा मूलभूत तत्त्वं आणि त्यांची घरातच रोज दिसणारी दहा उदाहरणं. खर्च शून्य, कपाट नाही, किल्ली नाही. मोठ्या बाई खूश झाल्या, म्हणजे त्यांनी "बरं" म्हटलं, आणि एक चार पानी फॉर्म माझ्या हातात ठेवला. त्यातल्या सहाव्या रकान्यात विचारलं होतं: प्रयोगशाळेचा पत्ता. मी प्रामाणिक माणूस. मी आमच्या घराचा पत्ता लिहिला.

तीन आठवड्यांनी घरी पत्र आलं. आपल्या प्रयोगशाळेची पाहणी येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता पाहणी अधिकारी समक्ष करतील. सोबत प्रयोगशाळांची नियमावली जोडली आहे, तिचं पालन व्हावं.

बाबा वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. नियमावली दिसली की ते उभे राहून वाचतात. त्यांनी ती उभ्याने वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"नियम चार," ते म्हणाले. "प्रयोगशाळेत खाणे, पिणे व झोपणे यांस सक्त मनाई आहे."

"ते शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी असतं, बाबा."

"शाळेतल्या असं कुठे लिहिलंय, दाखव."

मी दाखवू शकलो नाही. त्या संध्याकाळपासून बाबा चहाचा कप घेऊन जिन्यात बसायला लागले. जेवणाचं ताटही तिकडेच. झोपेचं काय करायचं यावर बराच विचार करून त्यांनी ठरवलं, की आडवं होऊन नुसते डोळे मिटले तर ती विश्रांती होते, झोप होत नाही. मात्र घोरण्याबद्दल ते कुठलीही जबाबदारी घ्यायला तयार नव्हते.

आई म्हणाली, "बसू दे जिन्यात. मला तेवढीच जागा झाली."

जिन्यात बसलेला माणूस इमारतीत कुणाच्या नजरेतून सुटत नाही. तासाभरात वरच्या मजल्यावरचे काका खाली उतरले. हे काका निवृत्त ग्रंथपाल. सगळी इमारत त्यांना अनुक्रमणिका काका म्हणते, कारण त्यांच्या घरी साबणाच्या वडीलासुद्धा क्रमांक असतो. त्यांना सगळं कळल्यावर ते इतके आनंदले की मला भीती वाटली.

"दहा नमुने? आणि एकालाही चिठ्ठी नाही? अरे, चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नुसती वस्तू!"

"काका, आधी नमुने तरी जमू देत."

"आधी चिठ्ठ्या. नमुने काय, जमतात."

आणि ते चिठ्ठ्या आणि स्वतः उकळलेला डिंक घेऊन परत आले. त्या डिंकाबद्दल एवढंच सांगतो, की आमचं फ्रिजचं दार आजही 'नमुना क्र. ६' आहे आणि राहील.

खरं तर शोध सुरू केला आणि मला घराचा अभिमान वाटू लागला. जीवशास्त्र आमच्याकडे अक्षरशः ओसंडून वाहत होतं. न्हाणीघराच्या फळीवर पावाचा तुकडा ठेवला, त्यावर चार दिवसांत हिरवीनिळी बुरशी अशी धरली की बघत राहावं: नमुना एक. खिडकीच्या चौकटीतून साखरेच्या डब्याकडे मुंग्यांची रांग, वासाच्या खुणेवर एकीमागे एक: नमुना दोन. पंख्यामागे कोळी, कोळ्याच्या जाळ्यात चिलट, कोळ्यावर टपलेली पाल, म्हणजे एकाच कोपऱ्यात अख्खी अन्नसाखळी: नमुना तीन. कपाटाखाली विसरलेला बटाटा, त्याला लांबलचक पांढरे कोंब: नमुना चार. खिडकीतलं रोप उजेडाकडे झुकलेलं: नमुना पाच. या रोपाने मात्र छळलं. अनुक्रमणिका काकांना वाकडं काही बघवत नाही, त्यामुळे ते येता-जाता कुंडी फिरवून रोप सरळ करायचे. चार दिवसांत ते रोप गोंधळून मध्येच थांबलं आणि कुणाचंच ऐकेना.

सहावा नमुना किण्वन. पावासाठी यीस्ट घालून पीठ भिजवलं आणि डब्यात घालून फ्रिजजवळच्या कपाटात ठेवलं. किती घालायचं ते आईला विचारायला हवं होतं, पण मी पदवीधर असल्याने विचारलं नाही. दुपारी पीठ झाकण घेऊन वर आलं, कपाटाचं दार उघडून बाहेर आलं आणि खालच्या फळीवरच्या बाबांच्या बुटात शिरलं. आरडाओरडा ऐकून आई आली.

"किती घातलंस?"

"एक वाटी."

"एक वाटी!" आई खुर्चीवरच बसली. "चमचाभर पुरतं ते दोन घरांना. अरे, मला विचारायचं ना!"

"पुस्तकात प्रमाण नव्हतं."

"पुस्तक काय, पीठ मळतं का?"

नववा नमुना होता प्रतिक्षिप्त क्रिया. गुडघ्याखाली हलकेच टिचकी मारली की पाय आपोआप उडतो. यासाठी माणूस हवा. बाबा तयार झाले, कारण ते नमुन्यात मोडत असल्यास त्यांना प्रयोगशाळेत बसण्याचा हक्क मिळेल का, हे त्यांना तपासायचं होतं. काकांनी त्यांच्या सदऱ्याला पाठीवर चिठ्ठी डकवली. पहिल्याच टिचकीला पाय उडाला, काकांच्या हातातलं डिंकाचं भांडं उडालं, आणि उरलेला डिंक भिंतीवरच्या घड्याळावर जाऊन बसला. आमचं घड्याळ तेव्हापासून सव्वापाच दाखवतं. बाबांची चिठ्ठीही निघाली नाही. सदराच निघेना, कारण तो डिंक सदऱ्यातून आत बनियनपर्यंत पोचला होता.

बुधवारपर्यंत दहाच्या दहा नमुने तयार होते. मी ते पुन्हा पुन्हा मोजले. शाळेतली माझी खुर्ची मला त्या बुरशीत दिसत होती. हसू नका. तीन वर्षं ध्रुवाखाली डबा ठेवून बघा, तुम्हालाही दिसेल.

बुधवारी मी शाळेत गेलो. संध्याकाळी सहाला परतलो, दार उघडलं, आणि मला वाटलं मी चुकीच्या घरात शिरलो.

घर चकाकत होतं.

फरशीत माझा चेहरा दिसत होता आणि तो पांढरा पडलेला होता. न्हाणीघरात फळी घासलेली. मुंग्या नाहीत. पंख्यामागे कोळी नाही, जाळं नाही, पाल नाही. कपाटाखाली बटाटा नाही. फुगलेलं पीठ नाही. खिडकीतलं रोपसुद्धा धुतलं होतं, पानन् पान पुसलेलं, आणि कुंडी पलीकडच्या गच्चीत. फक्त काकांच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या, कारण त्या आईच्यानेही निघाल्या नव्हत्या. लख्ख रिकाम्या फळीवर लिहिलं होतं, 'नमुना क्र. १ : बुरशी'.

आई पदर खोचून, दमून, अतिशय समाधानाने दारात उभी होती.

"कसं वाटतंय?"

"आई, बुरशी कुठाय?"

"फेकली."

"फेकली?"

"मग? एवढे साहेब घरी येणार आणि मी त्यांना बुरशी दाखवू? पाहुण्यांना जाळी दाखवू? माझ्या हयातीत नाही."

"आई, ती बुरशी नव्हती. ती माझी नोकरी होती!"

"मग नोकरी जरा झाकून ठेवायची होतीस."

मी जिन्यात जाऊन बाबांशेजारी बसलो. बाबांनी मला अर्धा कप चहा दिला. मग म्हणाले, "सकाळपासून घासतेय ती. मी म्हटलं, राहू दे, त्याला लागणार आहे. तर मलाच उचलून पुसलं."

रात्रीत बुरशी उगवत नाही, हे मी पदवीधर असल्याने जाणून होतो.

गुरुवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना पाहणी अधिकारी आले. बारीकसे, सर्दी झालेले, काखेत फाईल. जिन्यात त्यांना आधी बाबा भेटले.

"आपण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बाबा खात्यातले. अधिकाऱ्यापुढे खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी उठून पाठ दाखवली. "नमुना क्रमांक नऊ."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग मिनिटभर दारात थांबले आणि बरोबर अकराला घंटा वाजवली.

मी त्यांना फळीपुढे नेलं.

"नमुना एक. बुरशी." त्यांनी चष्मा वर केला. "दिसत नाही."

"सूक्ष्म आहे, साहेब."

'सूक्ष्म,' त्यांनी लिहिलं. "नमुना दोन. मुंग्या?"

"स्थलांतर."

'स्थलांतर.' "तीन. कोळी, पाल वगैरे?"

"छद्मावरण, साहेब. भिंतीसारखा रंग घेतात. इतका हुबेहूब घेतलाय की मलाही सापडत नाहीत."

अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि शिंकले. "आणि बटाटा? बटाटाही भिंतीसारखा झाला का?"

माझ्याकडची तत्त्वं संपली. खरं सांगतो, मला त्या क्षणी शाळेतली ती पृथ्वी आठवली आणि तिच्याबद्दल माया वाटली.

"मी फेकला," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

"आई..."

"तू थांब. साहेब, त्याने सगळं मांडलं होतं हो. बुरशी, मुंग्या, सगळं. मी फेकलं. घर आहे हे. त्याच्या नावाने काही वाईट लिहू नका, माझ्या नावाने लिहा."

अधिकारी फाईल घेऊन स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, आता आईच्या नावाने काहीतरी वाईट लिहिणार.

"बुरशी लागलेला पाव अख्खा का फेकलात?" त्यांनी विचारलं. "लागलेला भाग कापून उरलेला वापरता आला असता."

"छे! वरून दिसतो तो नुसता शेंडा. धागे आत पसरलेले असतात, ते दिसत नाहीत. कापून काय उपयोग?"

अधिकाऱ्यांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

"पण मग जॅमला बुरशी लवकर का लागत नाही? तोही उघडाच असतो."

"कारण साखर भरपूर असते ना. साखर सगळं पाणी स्वतःकडे ओढते. बुरशीला प्यायलाच मिळत नाही, मग जगणार कशी बिचारी? काकडीचंही तेच. थांबा." आईने काकडीच्या चकत्या केल्या, मीठ भुरभुरलं आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली. "आता दहा मिनिटांत बघा, तळ भरेल पाण्याने. म्हणून मी मीठ शेवटी घालते. हा आधीच घालतो आणि मग म्हणतो काकडी पाणचट."

"परासरण," मी मागून म्हटलं.

"हो, नावं सगळी पाठ आहेत त्याला," आई कौतुकाने म्हणाली, आणि मला ते फार लागलं.

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. अधिकारी विचारत होते, आई काम करता करता उत्तरं देत होती. कच्ची फळं पिकलेल्या केळ्यांजवळ ठेवायची, शेजार लागला की पिकतात. चिरलेल्या सफरचंदाला लिंबू लावायचं, नाहीतर हवा लागून तांबूस पडतं. बटाटे अंधारात ठेवायचे, उजेडात हिरवे होतात आणि हिरवा भाग खायचा नसतो. मोड आणायला मूग ओल्या फडक्यात बांधायचे, दूध कोमट असतानाच विरजायचं. पीठ फुगायला पाणी कोमट हवं. गार असलं तर आळसावतं, कढत घातलं तर मरतं.

"काय मरतं?"

"ते आत जे काय असतं ते. जिवंत असतं हो. वाटीभर घातलं तर घराबाहेर काढतं आपल्याला."

अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच हसण्यासारखं काहीतरी केलं आणि पुढे वाकून शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण उचलायला हात घातला.

"अहो, ते..." आई म्हणाली.

"आई गं!" अधिकारी ओरडले.

"बघा," आई म्हणाली, त्यांचा हात नळाखाली धरत. "हात आधी मागे आला की नाही? 'आई गं' नंतर. डोक्याला कळायच्या आधीच हात निघतो. तेवढं देवाने बरं केलंय."

अधिकाऱ्यांनी डाव्या हाताने लिहून घेतलं: प्रतिक्षिप्त क्रिया, स्वानुभव.

"नऊ झाली," ते म्हणाले. "दहावं?"

आईने नुसतं दाराकडे बोट केलं. दारात मी आणि बाबा उभे होतो. दोघांचाही डावा पाय उजव्या पायावर, दोघंही उजवा कान खाजवत, आणि कान दोघांचेही असे बाहेर आलेले, की अधिकाऱ्यांना वेगळं काही विचारावं लागलं नाही. आनुवंशिकता. माझा या संपूर्ण पाहणीतला सहभाग तेवढाच.

मग काकडीचं पाणी बघायची वेळ झाली. बशीचा तळ भरला होता. अधिकाऱ्यांनी एक चकती उचलली आणि तोंडाजवळ नेली.

"साहेब," बाबा कळवळून म्हणाले, "नियम चार."

अधिकारी थांबले. मग बशी घेऊन बाबांबरोबर जिन्यात गेले. दोघांनी तिथे बसून सगळ्या चकत्या संपवल्या आणि नियम सातमधल्या एका स्वल्पविरामावर पाऊण तास बोलले. बाबांचा इतका चांगला दिवस निवृत्तीनंतर गेला नव्हता.

पंधरा दिवसांनी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर अहवाल होता.

"प्रयोगशाळा मान्य झाली," त्या म्हणाल्या. "नियमच आहे, मान्य प्रयोगशाळेला एक प्रमुख आणि एक कायम सहायक लागतो. प्रमुख म्हणून प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या व्यक्तीचं नाव घालायचं असतं." त्यांनी पान उलटून मला दाखवलं. तिथे आईचं नाव होतं. त्याखाली, सहायक, कायम, मी.

"म्हणजे मी झालो, बाई?"

"झालात की. शाळेत चार दिवस शिकवायचं. उरलेले दोन दिवस प्रमुखांच्या हाताखाली, त्या सांगतील ते काम."

घरी येऊन मी आईला आदेश दाखवला. तिने तो दोनदा वाचला, घडी घालून डब्यांमागे ठेवला आणि विचारलं, "दोन दिवस म्हणजे कुठले दोन?" तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तेव्हापासून प्रयोगशाळा सकाळी सहाला उघडते. हजेरीपट अनुक्रमणिका काकांनी बांधून दिला आहे. माझ्या कामाच्या यादीत भांडी घासणं (सूक्ष्मजीव नियंत्रण), कपाटं पुसणं (अधिवास व्यवस्थापन) आणि बाजारातून भाजी आणणं (नमुना संकलन) आहे. गेल्या महिन्यात रजा मागितली तर आईने विचारलं, "कशासाठी?" आणि मी खरं सांगितलं, तर म्हणाली, "झोपायला कसली रजा?" बाबा याबाबतीत माझ्या बाजूने नाहीत. ते म्हणतात, वरिष्ठांचा निर्णय आहे.

शेवटी मी रीतसर अर्ज लिहिला. तो असा:

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
प्रयोगशाळा विभाग.

विषय : बदलीबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार कायम सहायक या पदावर समाधानाने कार्यरत असून कामाबाबत त्याची तक्रार नाही. तथापि, अर्जदाराचा गोपनीय अहवाल त्याच्या वरिष्ठ दर रविवारी फोनवर अर्जदाराच्या मावशीस मोठ्याने वाचून दाखवतात व मावशी त्यावर शेरे मारतात. पेरू कापताना झालेल्या एका चुकीचा उल्लेख आजवर सहा अहवालांत आला आहे. तसेच अर्जदाराने कामाच्या वेळेत केलेल्या प्रत्येक निवेदनास "तू लहानपणीही असाच होतास" असे उत्तर मिळते, ज्याविरुद्ध अपील करण्याची तरतूद नियमावलीत आढळत नाही.

तरी अर्जदाराची बदली अशा कोणत्याही प्रयोगशाळेत करावी, जिच्या प्रमुखांनी अर्जदारास जन्म दिलेला नाही, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सहायक (कायम)

(अर्ज नियमानुसार प्रयोगशाळा प्रमुखांच्या शिफारशीसह व त्यांच्यामार्फत सादर.)